भांड्यावरचे नाव

भांडे हातात आले की ते उलटे करून पाहायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तांब्याचा हंडा असो, पितळी पातेले असो की स्टीलचा डबा, काठाखाली नाहीतर बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले असायचेच. कुणाच्या लग्नात, कुणी, कोणत्या तारखेला दिले, सगळा इतिहास. घरात वाटण्या झाल्या की याच नावांवरून जावाजावांत धुसफुसही होते. त्या नावांत देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते. भांडे ठोकून ठोकून घडवणाऱ्या तांबटाचे मात्र कधी नसते. तसे ते असावे, असे कुणाच्या मनातही येत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, रिओ ग्रांदे नदीच्या काठी असलेल्या एका चिमुकल्या गावातही शतकानुशतके कुणाच्या मनात हे आले नव्हते. तिथल्या बायका मातीची भांडी घडवत आणि बुडे कोरी ठेवत. मग १९२३च्या सुमारास एका बाईने आपल्या भांड्याच्या बुडाशी आपले नाव लिहायला सुरुवात केली. त्या चार अक्षरांनी गावाच्या चुली पेटत्या ठेवल्या, आणि संग्रहालयांच्या तज्ज्ञांची कायमची पंचाईतही करून ठेवली.

बाईचे नाव मारिया मार्तिनेझ. गाव सान इल्देफोन्सो, सांता फे या राजधानीच्या शहरापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर. तेव्हा जेमतेम शंभर-दीडशे माणसांची वस्ती.

या भागातल्या मूळच्या लोकांना प्वेब्लो म्हणतात. प्वेब्लो म्हणजे स्पॅनिश भाषेत गाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक इथे आले तेव्हा त्यांना भटक्या टोळ्यांऐवजी मातीची आणि दगडाची, एकावर एक मजले चढवलेली घरे दिसली, मक्याची शेते दिसली, म्हणून त्यांनी या लोकांना गाववाले ठरवून टाकले. न्यू मेक्सिकोत आजही अशी १९ गावे आहेत आणि शेजारच्या ॲरिझोनात होपी लोकांची वस्ती आहे. भाषा निरनिराळ्या, इतक्या की एका गावाची बोली दुसऱ्या गावाला कळेलच असे नाही. कोलंबसाच्या चुकीमुळे यांनाही ‘इंडियन’ म्हणतात. आपला आणि त्यांचा नावापुरता संबंध तेवढाच.

आपल्याकडे कुंभार म्हटला की डोळ्यांसमोर चाक येते, आणि चाकावर बसलेला पुरुष येतो. कुंभारीण माती तुडवते, मडकी वाळत घालते, बाजारात विकते, पण चाकावर सहसा बसत नाही. प्वेब्लोंच्या गावात चाकच नाही. युरोपीय लोक येण्यापूर्वी अख्ख्या अमेरिका खंडात कुंभाराचे चाक नव्हते, आणि ते आल्यानंतरही या बायकांनी ते जवळ केले नाही. त्यांच्याकडे भांडे हे बायकांचे काम. आईने मुलीला, मावशीने भाचीला शिकवायचे. तेही पाठ देऊन नव्हे. शेजारी बसून, बघून.

माती आणण्यापासून हे काम सुरू होते. प्रत्येक गावाच्या मातीच्या खाणी ठरलेल्या. माती उकरण्यापूर्वी तिला मक्याचे चिमूटभर पीठ वाहायचे, कारण ती नुसती माती नाही, आई आहे. मग ती वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची. नुसत्या चिकणमातीचे भांडे वाळताना तडकते, म्हणून तिच्यात भर घालावी लागते. सान इल्देफोन्सोच्या बायका ज्वालामुखीच्या राखेची बारीक वाळू घालतात. आकोमा नावाच्या गावाची रीत आणखी वेगळी. ते गाव शेकडो फूट उंच खडकाच्या माथ्यावर वसलेले आहे आणि तिथल्या बायका मातीत जुन्या फुटक्या भांड्यांची खापरे कुटून घालतात. म्हणजे आजीच्या घागरीचा चुरा नातीच्या घागरीत. खापर फोडायची नाही, वापरायची.

मग घडण. एका उथळ परळात मातीची पोळी थापून बूड करायचे. हाताच्या तळव्यांत माती लांब वळायची, चकलीला पीठ मळून त्याची वळी करावी तशी, पण बोटाएवढी जाड. ती वळी बुडाच्या काठावर गोल फिरवून चिमटीने दाबत बसवायची. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. डाव्या हाताने परळ हळूहळू फिरत राहते. चाक म्हणावे तर एवढेच. भिंत उभी राहिली की वाळलेल्या भोपळ्याच्या सालीच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडत, दाबत वळ्यांच्या खुणा पार मिटवायच्या. पोट फुगवायचे तेही आतून याच सालीने. मारियाच्या भांड्यांची भिंत इतकी पातळ आणि गोलाई इतकी नेमकी, की चाकाशिवाय हे झाले यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

तीही लहानपणी भातुकलीची भांडी करूनच शिकली. तिचा जन्म १८८७च्या आसपासचा. नक्की तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. निकोलासा नावाच्या आत्या-मावशीच्या नात्यातल्या बाईजवळ बसून तिने हात वळवला. पण ती मोठी होत होती तेव्हा ही कला उतरणीला लागली होती.

कारण आगगाडी. १८८०च्या सुमारास न्यू मेक्सिकोत रेल्वे आली आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या बादल्या, एनॅमलची पातेली आली. न फुटणारी, हलकी, स्वस्त. पाण्याच्या घागरीची, धान्याच्या रांजणाची गरज संपत चालली. आपल्याकडे पुढे प्लॅस्टिकच्या घागरीने जे केले तेच. त्याच गाडीतून प्रवासी उतरू लागले आणि त्यांना हवे होते खिशात मावेल असे, चार-दोन नाण्यांत मिळेल असे काहीतरी. मग राखदाण्या आणि मेणबत्त्यांची घरे घडू लागली, तीही घाईघाईने. तिसरे म्हणजे संग्रहालये. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेची माणसे १८७९पासून या गावांत आली आणि जुनी भांडी हजारोंनी गोळा करून गाड्या भरभरून घेऊन गेली. भांडी जपली गेली हे खरे. पण ज्या मुलींनी ती रोज पाहून शिकायचे त्यांच्या घरातून ती गेली. हे तिसरे कारण सांगताना बहुतेक लोक जरा अडखळतात.

मारियाचे लग्न १९०४ साली ज्युलियन मार्तिनेझशी झाले आणि नवे जोडपे लग्नानंतर लगेच सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात गेले. पाहायला नव्हे, दाखवायला. ती तिथे भांडी करून दाखवी. पुढे एडगर ह्यूएट हे पुरातत्त्वज्ञ गावाजवळच्या पठारावर जुन्या वस्त्यांचे उत्खनन करू लागले आणि ज्युलियन त्यांच्याकडे मजुरीला लागला. खणताना निघालेली जुनी खापरे दाखवून ह्यूएट यांनी विचारले, असे अखंड भांडे आज कुणाला जमेल का? मारियाने करून दिले. ज्युलियनने खापरावरची नक्षी उतरवली. १९०९पासून सुमारे तीन वर्षे दोघे सांता फेच्या संग्रहालयातच राहिले. तो तिथे झाडलोट, पहारा बघे आणि उरल्या वेळात कपाटातल्या भांड्यांवरची नक्षी वहीत काढून घेई. ती अंगणात माती वळे. संग्रहालयाने नेलेले असे थोडेफार परत मिळाले.

त्या दोघांचे नाव झाले ते काळ्या भांड्यांनी. काळी भांडी त्यांनी शोधून काढली असे मात्र नाही. सान इल्देफोन्सोत आणि शेजारच्या सांता क्लारात ती आधीपासून होत होती. काळ्यावर काळी नक्षी ही यांची करामत, १९१८ ते १९२०च्या दरम्यानची. आरशासारखे चकाकणारे काळे भांडे आणि त्यावर मंद, बिनचकाकीची काळीच वेलपत्ती. रंग एकच, फरक फक्त तकाकीचा.

ती कशी होते हे पाहण्याजोगे आहे. वाळलेल्या भांड्याला आधी काव फासतात, म्हणजे लाल मातीचा पातळ लेप. तो ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायला घ्यायचे. एकदा घेतले की मध्ये उठायचे नाही. लेप वाळला तर ओरखडे राहतात आणि सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या रांजणाला तासन्‌तास लागतात. हे घोटायचे गोटे आईकडून मुलीकडे येतात, आपल्याकडे पाटल्या येतात तसे. आणि गोटा हरवला तर पाटली हरवल्यासारखेच दुःख होते. मारियाची धाकटी बहीण क्लारा या घोटकामात पटाईत होती. चकचकीत भांड्यावर मग ज्युलियन नक्षी काढी. बारीक मातीत एका रानझाडाचा आटवलेला रस कालवून त्याचा रंग. कुंचला घायपातीच्या कुळातल्या यक्का या झाडाच्या पात्याचा, टोक चावून चावून धागे सुटे केलेला. ज्युलियनचा आवडता आकार म्हणजे शिंग असलेला पाण्याचा नाग. वळवाच्या पुरासारखा तो भांड्याभोवती पळत जाऊन आपल्याच शेपटीला भेटतो. दुसरा आकार पिसांचा, बशीच्या मध्यातून चहूकडे पसरलेला. तो त्याने हजारेक वर्षांपूर्वीच्या मिंब्रेस लोकांच्या वाडग्यांवरून उचलला.

आणि शेवटी भाजणे. त्यासाठी आवा नाही, भट्टी नाही. वारा पडलेली पहाट बघायची. जमिनीवर लाकडे, त्यांवर जाळी, जाळीवर भांडी पालथी. भोवती पत्र्याचे तुकडे आणि त्यांच्यावर रानशेण्या रचायच्या. रानशेणी म्हटल्यावर आपल्याला आपलेसे वाटते. पण अमेरिकेत गुरे आणि घोडी आली ती स्पॅनिशांबरोबर, त्याआधी हे काम लाकडावर भागे. शेण्या नुसत्या जळू दिल्या तर भांडे लाल निघते, आपल्या माठासारखे. काळे हवे असेल तर आच ऐन भरात असताना ढिगावर घोड्याची बारीक कोरडी लीद भराभर ओतून विस्तव पुरता कोंडून टाकायचा. हवा बंद होते. आतल्या धुराला प्राणवायू मिळेनासा होतो, तेव्हा तो मातीतल्या लोहातला ओढून घेतो आणि लाल लोह काळे पडते. वर काजळी मातीच्या अंगात मुरते. उत्तर प्रदेशातल्या निजामाबादची काळी भांडी याच युक्तीने काळी होतात. कुठे फट राहिली तर तिथे तपकिरी डाग. एखाद्या भांड्यात ओल राहिली असेल तर ते आत फुटते आणि आवाज ऐकून बाहेर बसलेल्या बाईला कळते की पंधरा दिवसांची मेहनत गेली.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांना सहसा सांगत नाहीत. आच वाढवली तर चकाकी मरते, म्हणून ही भांडी बेताच्या आचेवर भाजतात. आणि बेताच्या आचेवर भाजलेल्या भांड्यात पाणी ठरत नाही. फुले ठेवायला घेतलेल्या फुलदाणीत पाणी घातले तर ती खराब होते. स्वयंपाकघरातून उठून भांडे दिवाणखान्यात जाऊन बसले ते असे.

मागणी मात्र वाढत गेली. मारिया आणि ज्युलियन यांनी कृती झाकून ठेवली नाही. बहिणींना, शेजारणींना, जी येईल तिला दाखवली. पाऊस बेभरवशाचा, जमीन थोडी, शेतीवर भागत नव्हते. वीस-पंचवीस वर्षांत काळी भांडी हाच गावातल्या घराघराचा धंदा झाला. १९२२पासून सांता फेत या लोकांच्या कलावस्तूंचा बाजार भरू लागला. तो आजही भरतो.

गिऱ्हाईक शहरातले. त्याला भांडे आवडे, पण पहिला प्रश्न एकच: कुणी केले? बुडावर नाव असेल तर जास्त पैसे द्यायची त्याची तयारी. तेव्हा जाणत्या मंडळींनी मारियाला सही करायचा सल्ला दिला. तिने लिहिले ‘मारी’, आपल्याकडच्या बिस्किटाचे नाव असते तसे. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात ते चांगले बसे.

आता गावात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. एकाच मातीची, एकाच काळ्या रंगाची दोन भांडी शेजारी ठेवली तर सहीवाले दुप्पट भावाला जाते. म्हणून शेजारणी आपापली भांडी घेऊन मारियाकडे आल्या: जरा यावर नाव घाल ना. आणि मारियाने घातले. एकीच्या, दुसरीच्या, मागेल तिच्या. तिच्या नावाने कुणाला चार पैसे जास्त मिळत असतील तर नाही कशाला म्हणायचे? माती सगळ्यांची, कृती सगळ्यांची, मग नावच तेवढे एकटीचे कसे?

संग्रहालयवाल्यांना हे कळले तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. त्यांनी तिला समजावले की सही म्हणजे करणाऱ्याची खूण, ती दुसऱ्याच्या वस्तूवर घालणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. त्यांच्या बाजूने तेही बरोबरच होते. पैसे मोजणारा मारियाच्या हाताचे मोजत होता. पण गावाच्या रीतीने पाहिले तर फसवणूक कुठे होती? ज्या भांड्यांवर ती योग्यच सही करत होती, त्यांवर तरी एकटे तिचेच हात कुठे होते? नक्षी ज्युलियनची, घोटणे बऱ्याचदा क्लाराचे, माती आणायला आणि शेण्या वेचायला सारे घर. सुरुवातीच्या सह्यांत तर ज्युलियनचेही नाव नाही, कारण भांडे म्हणजे बायकी काम. दोन-तीन वर्षांनी ते येऊ लागले, ‘मारी आणि ज्युलियन’ असे जोडीने. क्लाराचे नाव त्या सहीत कधी आले नाही.

याच काळात पश्चिमेकडे ॲरिझोनात, होपींच्या डोंगरमाथ्यावर, मारियापेक्षा पिढीभर मोठी असलेली एक बाई होती. नांपेयो तिचे नाव, जन्म १८६०च्या आसपासचा. ती पिवळसर भांडी करी आणि त्यांवर पक्ष्यांच्या पंखांची, चोचींची लाल-काळी नक्षी काढी. ही नक्षी तिने जवळच्या सिक्यात्की नावाच्या ओसाड गावच्या खापरांवरून उचलली होती. १८९५ साली जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी ते गाव खणले तेव्हा तिचा नवरा लेसो मजुरांत होता आणि ती दोघे कागद-पेन्सिल मागून घेऊन निघालेल्या भांड्यांवरची चित्रे उतरवत बसत. ती भांडी थडग्यांतली होती आणि ती वॉशिंग्टनला गेली. नांपेयोजवळ राहिली ती कागदावरची चित्रे. १९०५ साली रेल्वेशी संबंध असलेल्या फ्रेड हार्वे कंपनीने ग्रँड कॅन्यनच्या काठावर होपी पद्धतीचे घर बांधले आणि प्रवाशांना पाहता यावे म्हणून तिचे कुटुंब तिथे आणून ठेवले. तिला लिहिता येत नव्हते. मग कंपनीच तिच्या भांड्यांना कागदी चिठ्ठी चिकटवी: नांपेयोने केले.

तिचे डोळे खुपऱ्यांनी अधू होत गेले आणि १९२०च्या सुमारास जवळजवळ गेलेच. भांडी थांबली नाहीत. वळ्या चढवायला, पोट फुगवायला डोळे कशाला लागतात? ते तिच्या बोटांना पाठ होते. नक्षी मुली काढू लागल्या: ॲनी, नेली, फॅनी. १९४२ साली ती गेली. फॅनीने पुढे काही भांड्यांच्या बुडाशी आईचे आणि आपले अशी दोन्ही नावे लिहिली. आता चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नाती-पणत्या भांडी करतात आणि कित्येकजणी नांपेयो हे नाव आडनावासारखे लावतात. त्यांच्या समाजात घर आईकडून चालते, तेव्हा त्यात नवल नाही.

इकडे मारियाचा ज्युलियन १९४३ साली वारला. मग नक्षीला सून सांताना आली आणि सहीत सासू-सुनेची नावे जोडीने येऊ लागली. अशी जोडी आपल्याकडे भांड्यावर सोडा, लग्नपत्रिकेवरसुद्धा क्वचित दिसते. पुढे मुलगा पोपोवी दा आईबरोबर काम करू लागला आणि त्याच्या वेळेपासून बुडाशी ‘मारी’ जाऊन ‘मारिया’ आले. तोही आईच्या आधी, १९७१ साली गेला. मारिया १९८० साली गेली, नव्वदी ओलांडून.

आज त्या सह्यांची भांडी लिलावात हजारो डॉलरला जातात. दुसरीकडे साच्यात ओतलेली, विजेच्या भट्टीत भाजलेली, वरून नक्षी काढलेली भांडीही त्याच दुकानांच्या फडताळांत असतात आणि हाताने वळलेल्या भांड्याच्या मानाने कितीतरी स्वस्त असतात. दोन्ही भांडी करणारी हात एकाच गावचे असू शकतात. मुलांच्या फिया भरायच्या असतात. परक्याने केलेला माल यांच्या नावावर खपवला तर तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा अमेरिकेने १९९० साली केला. त्यात करणाऱ्याची जमात कोणती हे विचारले जाते. माती कुणी आणली, हे त्यात नाही.

संग्रहालयांच्या कपाटांत ‘मारी’ अशी सही असलेली काही भांडी आहेत, ज्यांच्या भिंती थोड्या जाड आहेत किंवा घोटणे जरा वेगळे आहे. जाणकार ती हातात घेऊन तोलून बघतात आणि शंका घेतात. आणि मारियाने पहिली वीसेक वर्षे, नाव घालायची रीत सुरू होण्यापूर्वी, जी भांडी केली, त्यांची बुडे कोरीच आहेत.